खालच्या खोलीत पाणी येतं, तरी टाइल्स बसवायच्या का?

आजचा भाग ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांना ऐकून झाल्यावर मापं परत बघायची आहेत, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना केलेली थोडी बडबड कापली आहे, आकडे तेच ठेवले आहेत.

प्रश्न असा आहे. घरात एक खोली आहे, खालच्या अंगाला. पावसाळ्यात तिच्यात पाणी येतं. कधी नुसती ओल, कधी घोट्याइतकं. जमीन कोब्याची आहे, पोपडे निघालेत. गवंडी मिळत नाही, मिळाला तर एवढ्याशा कामासाठी यायला तयार नाही. अशा खोलीत आपण स्वतः टाइल्स बसवू शकतो का?

उत्तर आधीच देऊन टाकते. बसवू शकतो. पण टाइल पाणी अडवत नाही. ती फक्त पाणी येऊन गेल्यावर खोली धुवून परत वापरता येईल अशी करते. हे दोन वेगळे फायदे आहेत, आणि लोक पैसे खर्च करतात ते पहिल्यासाठी. तो काही मिळत नाही. मग सहा महिन्यांनी टाइल्स वाजायला लागतात आणि सगळे म्हणतात, टाइल्सच खराब निघाल्या.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, गवंडी नाही. बीटेकमध्ये बांधकाम शिकवलं नाही. पण मुरबाड तालुक्यातल्या आमच्या घरातली खालची खोली मी स्वतः केली आहे. सोबत शेजारचे एक गवंडीकाका सल्ल्याला होते. ती खोली दोन पावसाळे काढून बसली आहे, म्हणून आज बोलते आहे.

आपल्याकडचं बेसमेंट म्हणजे काय

परदेशातले व्हिडिओ बघितले तर बेसमेंट म्हणजे पूर्ण जमिनीखालची मोठी खोली. आपल्याकडे शहापूर-मुरबाडला असं तळघर क्वचितच. पण उतारावरची घरं भरपूर आहेत. रस्त्याच्या बाजूने बघितलं तर घर एक मजली, शेताच्या बाजूने बघितलं तर दोन मजली. त्या खालच्या खोलीची मागची भिंत पूर्ण मातीला टेकलेली असते, पुढे दार असतं. भात ठेवायला, औजारं ठेवायला, नाहीतर म्हाताऱ्या माणसांना जिना नको म्हणून झोपायला ती खोली वापरतात. आमच्याकडे आजी तिथेच झोपते. तिला वर चल म्हटलं की म्हणते, “बाय, मला गुडघ्यांनी पायऱ्या नको. तू जमीन तेवढी नीट कर, म्हणजे झालं.” म्हणजे काम दिसायला छोटं असलं तरी प्रश्न एका माणसाच्या पाय घसरण्याचा आणि ओलीत झोपण्याचा होता.

दुसरा प्रकार नदीकाठचा. काळू, भातसा, शाई, उल्हास या आपल्या नद्या. भातसा काळूला मिळते, काळू पुढे जाऊन उल्हासला. घाटात जोर झाला की सगळं पाणी काही तासांत खाली येतं. भातसा धरणाचे दरवाजे उघडायचे असले की काठच्या गावांना सावध केलं जातं, हे शहापूरकरांना नवीन नाही. उल्हास फुगली की कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायत्याचा पूल बंद होतो, हे मुरबाडकरांना पाठ आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, ते पाणी याच उल्हासचं. जुलै २००५ तर सगळ्यांच्या आई-वडिलांना आठवतो.

उतारावरची खोली आणि नदीकाठची खोली यांचं दुखणं वेगळं, म्हणून औषधही वेगळं.

पाणी कुठून येतं ते आधी शोधा

कोडमध्ये बग असला की आपण आधी तो कुठून येतो ते बघतो, लगेच फाइल बदलत नाही. इथे तेच करायचं. पाणी तीन वाटांनी येतं.

पहिली वाट दारातून. अंगणाचं, रस्त्याचं किंवा नदीचं पाणी उंबरठ्यावरून आत. हे दिसतं, यात शंका राहत नाही. पाणी गढूळ असतं आणि गेल्यावर गाळ राहतो.

दुसरी वाट मातीला टेकलेल्या भिंतीतून. पाऊस सुरू झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, भिंत आणि जमिनीच्या सांध्यातून झिरपायला लागतं. पाऊस थांबला तरी दोन दिवस चालू राहतं. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. भिंतीवर पांढरा लोणा धरतो.

तिसरी वाट जमिनीखालून वर. पाणी असं दिसत नाही. पण चटई उचलली की खालची बाजू ओली, भाताच्या गोणीचं बूड दमट, कोब्यावर गडद डाग. माती आणि काँक्रीट दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतात.

यासाठी एक फुकटची टेस्ट आहे. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या. जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. २४ तास तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले किंवा कोबा गडद झाला तर ओल खालून येते आहे. फक्त वरच्या बाजूला थेंब असतील तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे, खिडकी उघडा. ही टेस्ट खोलीत तीन-चार ठिकाणी करा. मी मार्चमध्ये केली आणि सप्टेंबरमध्ये परत केली होती. मार्चमध्ये सगळं कोरडं निघतं, त्यावर विश्वास ठेवू नका. पावसाळा संपतानाची टेस्ट खरी.

केव्हा टाइल्स बसवूच नयेत

आता थोडं गणित. एक फूट उंच पाणी एक चौरस फुटावर सुमारे २८ किलोचा दाब देतं. समजा खोलीबाहेर आणि जमिनीखाली पाणी तुमच्या जमिनीच्या पातळीपेक्षा एक फूट वर चढलं आहे, आणि तुम्ही दार घट्ट बंद करून खोली कोरडी ठेवली आहे. दोन बाय दोन फुटांची टाइल म्हणजे चार चौरस फूट. तिला खालून वर ढकलणारा जोर ११० किलोच्या वर. टाइलचं स्वतःचं वजन साडेसात-आठ किलो. बरं, टाइलखालचा चार इंची काँक्रीटचा थर धरला तरी त्याचं वजन चौरस फुटाला साधारण २२ किलो. म्हणजे २८ पेक्षा कमीच. पाणी जमिनीखाली नीट पोचलं तर टाइल काय, अख्खी जमीन फुगून तडकू शकते.

म्हणून नदीकाठच्या खोलीत एक विचित्र वाटणारी गोष्ट करावी लागते. बाहेर पाणी गुडघ्याच्या दिशेने चढायला लागलं की आत येऊ द्यायचं. आत आणि बाहेर पातळी सारखी झाली की दाब सारखा होतो, जमीन वाचते. माणसं आणि सामान वर न्यायचं, जमीन पाण्याला द्यायची. उंबऱ्याला फळी लावून अडवणं हे चार-सहा इंच पाण्यापुरतं ठीक.

पाटबंधारे खातं नद्यांच्या काठी निळी आणि लाल पूररेषा आखतं. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या नदीची रेषा आखलेली असेल तर खोली कुठे पडते ते बघून घ्या. निळ्या रेषेच्या आत आणि दरवर्षी कमरेएवढं पाणी असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. तिथे महागड्या टाइल्स नकोत. चांगला घोटलेला कोबा किंवा शहाबादी फरशी लावा, सुटली तर एखादी काढून परत बसवता येते. वाचलेल्या पैशात भाताच्या गोण्यांसाठी उंच मचाण करा.

आमची खोली उतारावरची. नदीचं पाणी येत नाही, झिरप आणि अंगणाचं येतं. तिथे टाइलला अर्थ आहे.

खोलीच्या बाहेरचं काम आधी

हे कंटाळवाणं आहे आणि याचे फोटो चांगले येत नाहीत. पण निम्मं यश इथे आहे.

मागच्या भिंतीच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून थोडं लांब, उताराला आडवा चर खणायचा. चराला एका बाजूला ढाळ द्यायचा. तळाला भोकं पाडलेला प्लॅस्टिक पाइप, त्यावर खडी, आणि गाळ शिरू नये म्हणून वर जाळीचं कापड. वरून येणारं पाणी भिंतीला भिडायच्या आधी या चरात पडतं आणि बाजूने निघून जातं. पन्हाळीचं पाणी भिंतीपाशी पडत असेल तर तेही पाइपने लांब न्यायचं. पाया उघडा पडेल इतकं भिंतीजवळ किंवा खोल खणू नका. जुनी दगड-मातीची भिंत असेल तर आधी जाणत्या गवंड्याला दाखवा.

आतून वॉटरप्रूफिंगचा थर मारला की झालं, असं दुकानदार सांगतात. पण पाणी बाहेरून भिंतीला ढकलत असतं. ज्या बाजूने पाणी येतं त्या बाजूला अडवलेलं टिकतं. आतून लावलेला थर मागच्या पाण्याच्या दाबाने फुगून सुटू शकतो. आधी चर, मग थर, हा क्रम.

टाइल कोणती घ्यायची

दुकानात गेलात की रंग आणि डिझाइन दाखवतील. तुम्ही एकच प्रश्न विचारा. ही टाइल पाणी किती शोषते?

पूर्ण भाजलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्स ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषतात. साध्या सिरॅमिक फ्लोअर टाइल्सचं प्रमाण यापेक्षा जास्त असतं. भिंतीच्या ग्लेझ टाइल्स तर १० टक्क्यांच्या वर जातात, त्या जमिनीवर कधीच नको. भारतीय मानक आयएस १५६२२ मध्ये टाइल्सचे गट याच शोषणावर पाडले आहेत, आणि चांगल्या खोक्यावर गट छापलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातमधल्या मोरबीच्या असतात, नाव कुठलंही असो, खोक्यावरचा गट वाचा.

दुसरी गोष्ट, चकचकीत नको. मॅट किंवा खडबडीत घ्या. ओल्या चकचकीत टाइलवर म्हाताऱ्या माणसाचा पाय सरकायला एक क्षण पुरतो. आजीच्या खोलीत हा मुद्दा रंगापेक्षा मोठा होता.

लाकडी दिसणारे लॅमिनेट पाण्यात फुगतात. खाली चिकटवायचं व्हिनाइल ओलीने सुटतं आणि त्याखाली बुरशी धरते. संगमरवर डाग पितो. या खोलीत हे तिन्ही बाद.

आकार? स्वतः पहिल्यांदा करत असाल तर एक बाय एक फूट सोपा. उचलायला हलकी, आणि ढाळ असलेल्या जमिनीवर छोटी टाइल नीट बसते. मी दोन बाय दोन घेतल्या कारण जमिनीला ढाळ एकाच दिशेने होता. मधोमध जाळी असून चारही बाजूंनी ढाळ असेल तर मोठी टाइल घेऊच नका.

हिशोब असा. खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. दोन बाय दोनची टाइल खरं तर ६०० मिलिमीटरची, म्हणजे ३.८७ चौरस फूट. लागतात ३१. कापाकापी आणि फुटतुटीचे १० टक्के धरून ३४. खोक्यात चार, म्हणून नऊ खोकी, ३६ टाइल्स. उरलेल्या दोन जपून ठेवा. पुढे एखादी बदलायची वेळ आली तर त्याच रंगाची परत मिळत नाही. सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर एकच आहे ना, ते दुकानातच बघून घ्या.

जमीन तयार करणं

जुना कोबा हातोडीने ठोकत सगळी खोली फिरा. पोकळ आवाज आला तो भाग फोडून काढायचा. सुटलेला पोपडा, लोणा, तेलाचे डाग, सगळं तारेच्या ब्रशने घासून काढायचं.

खालून ओल जास्त असेल तर अर्धवट उपाय चालत नाही. जुना कोबा काढून खाली दगडी सोलिंग, मग मुरूम-कचेचा पातळ थर, त्यावर २५० मायक्रॉनचा जाड प्लॅस्टिक कागद, आणि त्यावर चार इंच काँक्रीट. सोलिंगमधल्या मोठ्या पोकळ्या पाणी वर ओढू देत नाहीत, आणि कागद उरलेली वाफ अडवतो. कागदाचे जोड किमान अर्धा फूट एकमेकांवर घ्यायचे. हे काम मात्र एकट्याचं नाही. आम्ही यासाठी दोन माणसं मजुरीने घेतली.

ढाळ द्यायला विसरू नका. मीटरला एक सेंटिमीटर, दाराकडे किंवा निचऱ्याच्या भोकाकडे. बारा फुटांत तो साधारण दीड इंच होतो. चालताना कळत नाही, पण पाणी स्वतःहून निघून जातं. पातळी बघायला महागडं लेझर लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन भिंतींवर धरा, पाण्याची रेषा दोन्हीकडे सारखीच उभी राहते. त्या रेषेपासून टेपने खाली मोजायचं. गवंडीकाकांची सगळी कारकीर्द या नळीवर गेली आहे. मी फोनवरचं लेव्हलचं ॲप दाखवलं तर ते म्हणाले, “अगं, फोन खोटं बोलेल, पाणी नाही बोलणार.”

नवीन काँक्रीटला सात दिवस तरी रोज पाणी मारायचं, आणि टाइल्सची घाई करायची नाही. जितकं वाळू द्याल तितकं बरं. आम्ही एक महिना थांबलो. टाइल्स आणि दिव्याचे पॉइंट यांचाही क्रम लक्षात घ्या. खालचे सॉकेट चार फुटांवर नेणं आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवणं, हे टाइल्सच्या आधी वायरमनकडून करून घ्या. स्वतः नाही.

काटकोन आणि कोरडी मांडणी

जुन्या घरात कुठलीही भिंत सरळ नसते. भिंत धरून सुरुवात केली तर शेवटच्या रांगेत तिरके तुकडे भरावे लागतात. म्हणून खोलीच्या मधोमध दोन दोऱ्या काटकोनात बांधायच्या. काटकोन तपासायला शाळेतलंच गणित. एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं की काटकोन.

मग माल न लावता टाइल्स नुसत्या मांडून बघा, मध्ये तीन मिलिमीटरचे स्पेसर ठेवून. भिंतीकडे दोन इंचांची पट्टी उरत असेल तर सगळी मांडणी अर्धी टाइल सरकवा. कापलेले तुकडे दारासमोर येणार नाहीत असं बघा. भिंतीला लागून सगळीकडे सहा ते आठ मिलिमीटर फट सोडायची. दार उघडतं का तेही आत्ताच बघा, कारण जमीन साधारण दीड सेंटिमीटर वर येणार आहे.

प्रत्यक्ष बसवणं

आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे वाळू-सिमेंटच्या मालावर सिमेंटचं पातळ पाणी ओतून टाइल ठोकायची. अनुभवी हात असेल तर चांगली होते. पण व्हिट्रिफाइड टाइल पाणीच शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटची पकड तिला कमी बसते. नवख्या माणसाने टाइल ॲडहेसिव्ह वापरावं. आयएस १५४७७ हे त्याचं मानक, त्यात प्रकार आहेत. प्रकार १ साध्या सिरॅमिकसाठी. आपल्याला व्हिट्रिफाइड आणि ओल्या जागेसाठी प्रकार २ किंवा त्यावरचा हवा. गोणीवर छापलेलं कव्हरेज बहुतेक वेळा तीन मिलिमीटर थरासाठी असतं. आपला थर सहाचा झाला तर गोणी निम्म्याच जागेला पुरते, त्या हिशोबाने आणा.

पायऱ्या अशा.

१. टाइलची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसा. तिथे पांढरी भुकटी असते, ती राहिली तर पकड बसत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाण्यात भिजवायची गरज नाही.

२. गोणीवर लिहिलेलं पाणी आधी, पावडर नंतर. ढवळा, पाच मिनिटं थांबा, परत ढवळा. एका वेळी तासाभरात संपेल एवढंच कालवा. घट्ट झालं तर परत पाणी घालू नका, टाकून द्या.

३. दात्याच्या थापीने जमिनीवर पसरा. दोन फुटी टाइलला दहा मिलिमीटरचे दाते. रेषा सगळ्या एकाच दिशेने ओढा, गोल गोल नाही. सरळ रेषांमधून हवा बाहेर निघते, गोलांत अडकते. टाइलच्या मागेही पातळ हात मारा.

४. टाइल ठेवून रेषांच्या आडव्या दिशेने थोडी मागेपुढे सरकवा, रबरी हातोड्याने ठोका, पट्टी लावून शेजारच्या टाइलशी पातळी बघा.

५. दर पाच-सहा टाइल्सनंतर एक लगेच उचलून मागे बघा. किमान ९० टक्के भागाला माल लागलेला हवा. कोपरे कोरडे दिसले तर मोठे दाते घ्या किंवा जास्त दाबा.

या पाचव्या पायरीवर मी अडून बसते, कारण आपल्या विषयाचा जीव इथे आहे. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे गोळे ठेवून टाइल बसवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. कोरड्या खोलीत ती वाजते, एवढंच. पाणी येणाऱ्या खोलीत त्या पोकळीत पाणी भरून राहतं, वास मारतं, आणि वरून जड वस्तू पडली की टाइल फुटते.

आम्ही काम मे महिन्यात केलं. उन्हाने पसरलेल्या मालावर पटकन साय धरते. बोट लावून बघायचं. माल बोटाला चिकटला तर ठीक, नाहीतर खरवडून नवीन. म्हणून सकाळी सहा ते दहा काम आणि मग सुट्टी. कापायला मी हाताचं कटर वापरलं. ग्राइंडर वापरावाच लागला तर पाणी मारत, अंगणात, चष्मा आणि चांगला मास्क लावून. टाइलची कोरडी धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. ओल्या कामाला ग्राइंडरची वायर आणि प्लग कोरड्या जागी, आरसीसीबीच्या मागे.

एका शनिवार-रविवारात एक माणूस १२० चौरस फूट करेल असं व्हिडिओत दिसतं. मला दोन आठवड्यांचे शनिवार-रविवार लागले, शिवाय ग्राउटचा एक रविवार.

ग्राउट आणि कडा

२४ तास टाइल्सवर पाय नाही. मग स्पेसर काढून फटी साफ करायच्या आणि ग्राउट भरायचं.

एपॉक्सी ग्राउट पाणी पीत नाही, डाग धरत नाही. दारातून पाणी येणाऱ्या खोलीला उत्तम. पण ते झटपट कडक होतं, थोडं थोडं कालवून लगेच पुसावं लागतं, नाहीतर टाइलवर कायमचा थर. खालून ओल येत असेल तर मात्र मी पॉलिमर मिसळलेलं सिमेंट ग्राउट निवडलं. वाफेला थोडीशी वाट राहते. सगळं वरून बंद केलं की ती ओल भिंतीकडे वळते.

भिंतीलगतची फट ग्राउटने भरू नका. तिथे सिलिकॉन किंवा पीयू सीलंट. उन्हाळ्यात टाइल्स पसरतात, त्यांना जागा लागते. ही फट नसली की मधल्या दोन टाइल्स तंबूसारख्या वर उठतात. वर स्कर्टिंगची पट्टी लावली की फट दिसत नाही. भिंतीच्या खालच्या चार फुटांत पुट्टी किंवा पीओपी नको, साधं सिमेंट प्लास्टर ठेवा.

पाणी येऊन गेल्यावर

इथेच केलेल्या कामाची किंमत वसूल होते. गेल्या जुलैत अंगणाचं पाणी चार इंच आत आलं. दुपारी ओसरलं, संध्याकाळी आजी तिच्या खाटेवर होती. आधी हीच खोली आठवडाभर कुबट असायची. मागच्या भिंतीजवळच्या ग्राउटवर अजूनही थोडा लोणा धरतो, तो कोरड्या ब्रशने झाडते. बाकी एकही टाइल वाजत नाही.

क्रम लक्षात ठेवा. आत पाय टाकायच्या आधी मेन स्विच बंद. गमबूट आणि हातमोजे घालूनच आत. काठीने कोपरे बघा, पाण्यासोबत साप आत येतात. पाणी फूटभरापेक्षा जास्त असेल तर पंप लावून एकदम सगळं काढू नका. एक फूट काढा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पातळी परत चढली असेल तर जमिनीखालचं पाणी अजून वर आहे, वर सांगितलेलं २८ किलोचं गणित चालू आहे.

गाळ ओला असतानाच काढा. मग साबणाने धुवा, मग ब्लिचिंग पावडर. दहा लिटर पाण्यात साधारण ३०० ग्रॅम, ढवळून निवू द्या, वरचं निवळ पाणी वापरा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. आणि हे ठळक ऐका. ब्लिचिंगसोबत ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. ॲसिड टाइल्सवर नुसतंही नको, ते सिमेंट ग्राउट खातं.

पुराच्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळलेली असते, त्यातून लेप्टो होतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात जाऊ नका. नंतर ताप आला, अंग दुखलं, तर डॉक्टरांना सांगा की पुराच्या पाण्यात उतरले होते. एवढं एक वाक्य सांगितलं तर त्यांना लवकर कळतं.

थोडक्यात

पाण्याची वाट ओळखा. सप्टेंबरमध्ये प्लॅस्टिकची टेस्ट करा. हिवाळ्यात चर आणि जमीन, उन्हाळ्यात टाइल्स. वायरिंग आणि पायाचं काम त्या-त्या माणसाला द्या, टाइल्स तुम्ही करा. आणि दरवर्षी कमरेएवढं पाणी येत असेल तर टाइल्सचा विचार सोडून मचाणाचा विचार करा.

तुमच्याकडे खालच्या खोलीत पाणी कुठल्या वाटेने येतं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. जमलं तर दोन-चार घरांचे प्रश्न घेऊन गवंडीकाकांनाच माइकसमोर बसवते. ते माझ्यापेक्षा कमी बोलतात, पण कामाचं बोलतात. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पन्हाळी पावसाच्या आधी साफ करा!